ओंडक्याच्या पोटातून सरळ भोक कसे पडते

फळीला आडवे भोक पाडणे सुतारकाम शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच जमते. तेच भोक दोन मीटर लांबीच्या खांबाच्या एका तोंडातून आत घालून दुसऱ्या तोंडाच्या बरोबर मध्यातून बाहेर काढायचे म्हटले, की जुना कारागीरही आधी खांबाभोवती दोन फेऱ्या मारून तो नीट न्याहाळून घेतो. दिव्याच्या लाकडी खांबातून तार न्यायची असते, फुंकून वाजवायच्या वाद्याची नळी करायची असते, लाकडी बोटीच्या मागच्या भागातून पंख्याचा दांडा बाहेर काढायचा असतो. पूर्वी तर अख्खे पाण्याचे नळच लाकडाचे असत. कामे वेगवेगळी असली तरी अडचण सगळीकडे सारखीच येते, आणि ती लाकूड कापण्याची नसते. कापायला कोणतेही धारदार पाते पुरते. हत्यार सरळ ठेवणे आणि कापलेले लाकूड आतून बाहेर काढणे, यातच बहुतेक वेळ आणि बहुतेक अक्कल खर्ची पडते.

लाकूड सगळ्या दिशांनी सारखे नसते, इथून सुरुवात करावी लागेल. खोडाला आधार देणाऱ्या आणि पाणी वर नेणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या खोडाच्या लांबीत एकमेकींना चिकटून असतात, पेंढीत काड्या आवळून बांधलेल्या असाव्यात तशा. फळीच्या पृष्ठावरून भोक पाडताना बिट, म्हणजे भोक पाडणारे फिरते पाते, या तंतूंना आडवे जाते. म्हणून लाकडाच्या बऱ्याच बिटांना कडेला टोकदार नखे असतात. ती भोकाच्या परिघावर तंतू आधी तोडून ठेवतात आणि मागून येणारी पाती ते तुटलेले तंतू उचलून बाहेर काढतात. टोकाचा छोटा स्क्रू लाकडात रुतून बिटाला आपोआप पुढे ओढतो. ही सगळी रचना आडव्या भोकासाठी आहे. ओंडक्याच्या तोंडातून आत शिरताना तंतू बिटाच्या दिशेनेच पसरलेले असतात, त्यामुळे नखांना तोडायला काही उरत नाही आणि ती तंतूंच्या मधून नुसती रेघ ओढत जातात. प्रत्येक तंतू पात्यांनाच आडवा छाटावा लागतो, आणि लाकूड तंतूंना आडवे छाटायलाच सर्वांत जास्त जोर लागतो. त्यात टोकाचा स्क्रूही दगा देतो. त्याचे आटे जिथे पकड घ्यायला जातात, तिथले तंतू त्याच आट्यांनी इतके आखूड कापलेले असतात की जरा ओढ बसताच त्यांचा चुरा होतो. स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो, बिट पुढे सरकत नाही, आणि माणूस मागून रेटू लागतो.

बाहेर येणारा माल हातात घेतला तरी हा फरक कळतो. आडव्या भोकातून लांब, लवचीक, गुंडाळलेल्या ढलप्या निघतात. उभ्या भोकातून निघतो तो भुगा, कारण इथे प्रत्येक ढलपी म्हणजे शेजारी शेजारी चिकटलेले तंतूंचे आखूड तुकडे असतात आणि ती बोटात धरताच विस्कटते. हा भुगा पुढे बराच त्रास देणार आहे.

त्याआधी दिशेचा प्रश्न. भोक वाकडे का जाते, याचे उत्तर झाडाच्या वार्षिक वलयांमध्ये आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाढलेले लाकूड मऊ असते आणि नंतर वाढलेले टणक. पाइनसारख्या झाडांमध्ये या दोन थरांच्या घनतेतला फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असतो. फळीच्या पृष्ठावरून आत जाणारे बिट हे थर बहुधा समोरासमोर भेदत जाते, म्हणजे एक थर संपला की दुसरा. लांबीतून जाणारे बिट मात्र त्याच थरांना जवळजवळ समांतर असते. टणक थर अगदी तिरप्या कोनात आडवा आला, की त्याला भेदून जाण्यापेक्षा त्याच्या अंगावरून घसरत मऊ थराकडे जाणे बिटाला सोपे पडते. भिंतीला घासत चालणारा माणूस जसा भिंतीच्याच दिशेने जात राहतो, तसे ते एकदा मऊ थरात शिरले की त्याच थराच्या कलाने पुढे जाते. खोड बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असल्यामुळे हे थर एकात एक बसवलेल्या निमुळत्या शंकूंसारखे असतात, म्हणजे खांब बाहेरून चारी बाजूंनी कितीही सरळ रंधलेला असला तरी आतले थर त्याच्या कडांना समांतर असतीलच असे नाही. काही झाडांचे तंतू तर खोडाभोवती पीळ घेत वर चढतात.

मग गाठी येतात. फांदी खोडाच्या गाभ्यापासून उगम पावून बाहेरच्या दिशेने जाड होत जाते, त्यामुळे प्रत्येक गाठ गाभ्याशी निमुळती आणि सालीकडे रुंद असते. गाभ्यातून भोक पाडणाऱ्याला झाडाच्या त्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक फांदीचे मूळ भेटते, पण ते बारीक असते. गाभ्यापासून दूर भोक पाडणाऱ्याला गाठी कमी भेटतात, पण भेटते ती मोठी असते आणि बिटाला एका बाजूला जोरात ढकलते. गाठ लागली की हातालाही कळते. एकसुरी करकर थांबून ठकठक सुरू होते, मुठीला हिसके बसतात आणि थोड्या वेळाने भोकातून करपल्याचा वास येतो. अशा वेळी रेटणे हा चुकीचा उपाय आहे. बिट बाहेर काढून धार लावावी आणि हलक्या दाबाने, सावकाश गाठ खरवडत पार करावी.

टोकाचा स्क्रू इथे दुहेरी नुकसान करतो. तो ओढत तर नाहीच, वर बिटाच्या पुढे राहून मऊ थर शोधत जातो आणि सगळे बिट त्याच्यामागे वळते. म्हणूनच जहाजे बांधणारे सुतार खोल भोकांसाठी स्क्रू आणि नखे दोन्ही नसलेले गिरमिट वापरत आले. त्याला सुरुवातीला स्वतःची जागा धरता येत नाही, त्यामुळे पटाशीने किंवा दुसऱ्या बिटाने आधी उथळ खळगा करून द्यावा लागतो. पण एकदा आत शिरले की पुढे कोणी वाट दाखवणारे नसल्यामुळे ते स्वतःच्या मागच्या अंगावर, म्हणजे आधीच पडलेल्या भोकाच्या भिंतीवर टेकून सरळ जाते. त्याहून जुना प्रकार म्हणजे पन्हळीच्या आकाराचे गिरमिट. उभी चिरलेली नळी असावी तसे त्याचे अंग असते आणि टोकाशी एका बाजूलाच धार असते. धार एका बाजूने कापते आणि तिच्या समोरची गोल पाठ भोकाच्या भिंतीला घट्ट टेकून राहते. बंदुकीच्या नळ्यांना भोक पाडण्याचे आधुनिक ड्रिलही याच तत्त्वावर चालते. धार एकच, आणि बाकीचे अंग टेका देण्यापुरते. तयार झालेले भोकच पुढच्या भोकाचा मार्गदर्शक ठरते, ही या हत्यारांमागची कल्पना मला फार चतुर वाटते.

अर्थात मार्गदर्शक तिरपा असेल तर पुढचे सगळेच तिरपे जाते. सुरुवातीला बिट फक्त २ अंशांनी कललेले असले, तर एका मीटरवर ते ३५ मिलिमीटर बाजूला गेलेले असते आणि दोन मीटरवर ७० मिलिमीटर. म्हणजे १५० मिलिमीटर जाडीच्या खांबात ते टोकाला पोहोचेपर्यंत जवळजवळ अंगाबाहेर पडते. दोन अंश डोळ्याला सहज दिसत नाहीत. त्यामुळे जाणकार माणूस पहिल्या १०० मिलिमीटरवर जितका वेळ घालवतो, तितका पुढच्या अर्ध्या मीटरवर घालवत नाही. ओंडका इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या दोन घोड्यांवर हलणार नाही असा बांधतात, दोन्ही तोंडांवर मध्य काढतात आणि ते मध्य जोडणारी सुताची रेघ ओंडक्याच्या वरच्या व बाजूच्या अंगावर मारून ठेवतात. त्याच रेघेच्या सरळीत ओंडक्याच्या बाहेर गिरमिटाच्या दांड्याला आधार देणारे, भोक असलेले एक किंवा दोन ठोकळे पक्के करतात. दांडा आधी त्या ठोकळ्यांतून आणि मग लाकडात जातो, त्यामुळे हाताचा कल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आत काय चालले आहे, हे बाहेरून तपासण्याची एक साधी युक्ती आहे. लांब चिमट्यासारखा, एकाच बाजूने उघडा असलेला दोन पायांचा गज घ्यायचा. एक पाय भोकात, दुसरा ओंडक्याच्या बाहेर समांतर. आतला पाय भोकाच्या भिंतीला टेकवला, की बाहेरच्या पायाचे लाकडापासूनचे अंतर मोजून भिंतीची जाडी कळते. चारही बाजूंनी असे मोजले की भोक कोणत्या अंगाला सरकले आहे ते समजते. अर्धा मीटर आत गेल्यावर ३ मिलिमीटरची चूक सापडली तर काहीतरी करता येते, टोकाला सापडली तर फक्त हळहळता येते.

यावर एक उपाय असा आहे, की बिट स्थिर धरायचे आणि लाकूडच फिरवायचे. पहिल्यांदा ऐकताना यात काय साधले ते कळत नाही, कारण दोन्ही प्रकारांत एकमेकांच्या तुलनेत फिरणे सारखेच असते. फरक ढकलण्याच्या दिशेत पडतो. बिट फिरत असेल आणि लाकूड स्थिर असेल, तर डाव्या बाजूचा टणक थर बिटाला प्रत्येक फेऱ्यात उजवीकडेच ढकलतो. पन्नास फेऱ्यांचे पन्नास धक्के एकाच दिशेचे असतात आणि त्यांची बेरीज होते. लाकूड फिरत असेल, तर तोच टणक थर क्षणात डावीकडे, क्षणात वर, मग उजवीकडे, मग खाली असतो. प्रत्येक फेऱ्यात धक्के एकमेकांना जवळजवळ रद्द करतात आणि बिट फिरण्याच्या अक्षाकडे परत येत राहते. लेथवर दिव्याचे खांब करणारे हेच करतात. लाकूड लेथवर फिरते आणि लेथच्या मागच्या पोकळ टोकातून साधारण ८ मिलिमीटरचे लांब गिरमिट हाताने आत सारले जाते. अर्ध्यापर्यंत गेल्यावर लाकूड उलटे बसवून दुसऱ्या तोंडाने पाडायचे. मात्र ही सोय लेथवर मावणाऱ्या लाकडापुरती आहे. दोनशे किलोचा, ओबडधोबड आणि एका बाजूला जड ओंडका फिरवायचा म्हणजे यंत्रासकट जागेवरून उठायची तयारी ठेवावी लागते. तरी लेओनार्दो द विंचीने लाकडी नळांसाठी जे यंत्र कागदावर काढले, त्यात ओंडका कितीही जाड असला तरी त्याचा मध्य बिटाच्या रेषेत राहावा यासाठी सरकत्या जबड्यांची पकड योजलेली होती. सरळ रेषेची चिंता त्यालाही होती.

दोन्ही तोंडांकडून अर्धे अर्धे पाडण्यामागे चांगला हिशेब आहे. बिट सतत सारख्याच बाकाने वळत असेल, तर लांबी दुप्पट झाल्यावर भटकणे दुप्पट नव्हे तर चौपट होते. म्हणजे अर्ध्या लांबीत प्रत्येक बाजूचे भोक एक चतुर्थांशच भटकते, आणि दोन्ही अगदी विरुद्ध दिशांना भटकली तरी मध्यावरचा फरक एका बाजूने पूर्ण पाडलेल्या भोकाच्या चुकीपेक्षा निम्मा असतो. मध्ये छोटीशी पायरी राहते. तार न्यायची असेल तर ती चालते. नळीतून वारा किंवा पाणी जायचे असेल तर ती नंतर खरवडून काढावी लागते.

आता भुग्याकडे वळू. ७५ मिलिमीटर व्यासाचे दोन मीटर लांब भोक म्हणजे ८.८ लिटर घन लाकूड. कापल्यावर ते फुगते आणि त्याचा सैल ढीग सहज २५ ते ३० लिटरचा होतो, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. हे सगळे ज्या वाटेने दांडा आत गेला आहे त्याच अरुंद वाटेने बाहेर यायचे असते. बिटाच्या अंगावरचे पीळदार पन्हळ भुगा मागे सरकवते, पण ते पन्हळ बहुतेक बिटांवर हातभर लांबीचेही नसते. त्याच्या मागे जोडलेला लांब दांडा गुळगुळीत असतो आणि तिथे पोहोचलेला भुगा पुढे जात नाही, साचतो. साचलेला भुगा दाबला जातो, घर्षणाने तापतो, लाकडातला ओलावा आणि चीक त्यात मिसळतो आणि बिटाच्या मागे एक घट्ट बूच तयार होते. असे अडकलेले बिट बाहेर काढण्यासाठी लाकूड फोडावे लागल्याचे प्रसंग या कामात नवखी माणसे हमखास अनुभवतात.

म्हणून नियम साधा आहे: पन्हळ भरायच्या आत बिट बाहेर काढायचे. बारीक गिरमिटाच्या बाबतीत याचा अर्थ दर २५ मिलिमीटरला एकदा. दोन मीटरच्या भोकाला ऐंशी वेळा आत-बाहेर. त्यातही शेवटच्या चाळीस खेपा दरवेळी एक मीटरहून जास्त लांबीच्या. कामाचा बहुतेक वेळ इथेच जातो, कापण्यात नव्हे. घाई करणारा दर १०० मिलिमीटरला काढून पाहतो आणि विसाव्या खेपेला तिथेच अडकतो. ओंडका उभा टांगून खालून वर भोक पाडले तर भुगा स्वतःच्या वजनाने पडतो, पण तेवढी उंची आणि डोक्यावर टांगलेले लाकूड दोन्ही सांभाळावे लागते. यंत्रावर पोकळ दांड्यातून दाबाखालची हवा टोकापर्यंत सोडतात आणि ती भुगा घेऊन मागे फिरते. हा उपाय सर्वांत चांगला आहे, कारण हवेमुळे धारही थंड राहते.

लांब दांड्याचेही स्वतःचे गणित आहे. दोन मीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड पोलादी दांड्याच्या टोकाशी ५० न्यूटन मीटरचे पिळणारे बल लागत असेल, म्हणजे साधारण पाव मीटर लांबीच्या पान्यावर वीस किलोचा जोर देत असावा तसे, तर मुठीकडचे टोक आणि बिटाकडचे टोक यांत सुमारे ३६ अंशांचा पीळ पडतो. लाकूड अडते, दांडा स्प्रिंगसारखा पिळतो, मग एकदम सुटतो, बिट झटका मारून पुढे जाते, पुन्हा अडते. मघाशी सांगितलेली ठकठक बऱ्याचदा याचीच असते. पीळ जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतो, त्यामुळे तोच दांडा २५ मिलिमीटरचा केला की ३६ अंशांचे जेमतेम २ अंश उरतात. भोकाच्या व्यासात मावेल तितका जाड दांडा, किंवा त्याहून बरे म्हणजे जाड नळी, घ्यावी ती यासाठी. बारीक दांड्याला मागून रेटले तर तो कमानीसारखा वाकतो आणि बिटाचे तोंडच फिरते.

हातात धरायच्या विजेच्या ड्रिलने रुंद भोक पाडणाऱ्यासाठी एक इशारा इथेच दिलेला बरा. मोठे बिट गाठीत अडकले की थांबते, मोटर थांबत नाही, आणि ती बिटाऐवजी यंत्रालाच मनगटासकट उलट फिरवू पाहते. मनगट मोडण्याइतका तो झटका असू शकतो. बाजूची लांब मूठ, हळू गिअर आणि अडकल्यावर आपोआप सुटणारा क्लच नसेल, तर ७५ मिलिमीटरचे बिट हातातल्या यंत्रावर लावूच नये. वेगही कमीच हवा. मिनिटाला ३०० फेरे धरले तरी या व्यासाच्या कडेवरची धार मिनिटाला सत्तर मीटर धावत असते.

रुंद भोक एका दमात पाडायचे नाही, हे बहुतेक कारागीर अनुभवाने शिकतात. आधी बारीक, सरळ भोक आरपार न्यायचे आणि मग ते वाढवत जायचे. वाढवणाऱ्या हत्याराच्या नाकावर बारीक भोकात बरोबर बसणारा गोल खुंट असतो; तो वाट धरतो आणि मागची पाती कडेचे लाकूड कापतात. मात्र खुंट बारीक भोकाचीच वाट पकडतो, म्हणजे ते वाकडे गेले असेल तर रुंद भोकही तितकेच वाकडे होते. वाकडे सरळ करायचे असेल तर वेगळी पद्धत लागते आणि ती लाकडी बोटी बांधणाऱ्यांकडे पाहायला मिळते. बोटीच्या तळाच्या जाड लाकडातून पंख्याचा दांडा जातो. तो जरा तिरपा बसला तर इंजिनाशी जुळत नाही आणि बोट चालताना थरथरते. तिथे आधी थोडे लहान भोक पाडतात, मग त्यातून एक सरळ पोलादी गज आरपार घालून त्याला लाकडाच्या दोन्ही बाजूंना, बाहेर, पक्क्या आधारांवर फिरता ठेवतात. गजाच्या मध्यावर एक छोटे पाते बसवलेले असते. आधार सुताच्या रेघेत असल्यामुळे पाते आधीच्या भोकाची नव्हे, तर गजाची रेघ पाळते. भोक जिथे आत आले असेल तिथे जास्त आणि जिथे बाहेर गेले असेल तिथे कमी लाकूड कापले जाते. दरवेळी पाते थोडे बाहेर काढून पुन्हा फिरवतात. शक्य असेल तर गज रेटण्याऐवजी पलीकडून ओढतात, कारण रेटलेला गज वाकतो आणि ओढलेला ताणून सरळ होतो.

आणखी रुंद, म्हणजे १५० मिलिमीटरच्या वर गेले, की सगळे लाकूड भुगा करून काढणे हा वेडेपणा ठरतो. नळीच्या कडेवर दात असलेल्या हत्याराने फक्त कडेचे कडे कापायचे आणि मधला गोल दांडा अखंड बाहेर काढायचा, हे त्यावरचे उत्तर. ७५ मिलिमीटरच्या भोकातही ४ मिलिमीटर रुंदीची कड कापली, तर एकूण लाकडाच्या जेमतेम एक पंचमांशाचाच भुगा होतो. अडचण एवढीच, की भुगा नळी आणि लाकूड यांच्यामधल्या कागदाएवढ्या फटीतून काढायचा असतो, त्यामुळे हवेचा झोत नसेल तर हे हत्यार आडव्या लांब भोकात काही वेळातच जाम होते.

हे सगळे ज्यांनी पोटासाठी, वर्षानुवर्षे केले, ते होते लाकडी नळ करणारे. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या ग्रंथात गेओर्ग अ‍ॅग्रिकोलाने ओंडक्यांचे पंप आणि नळ कसे करतात ते लाकडी ठशांच्या चित्रांसह दाखवले आहे. लंडनला १६१३ पासून न्यू रिव्हर या कालव्याचे पाणी मिळू लागले, ते एल्म नावाच्या झाडाच्या पोकळ ओंडक्यांतून. एल्म निवडण्याला कारण होते: त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून ते सहज फाटत नाही, आणि सतत ओले राहिले तर ते फार काळ कुजत नाही. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्ये १७९९ मध्ये स्थापन झालेल्या मॅनहॅटन कंपनीने आणि १८०१ मध्ये सुरू झालेल्या फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्यानेही असेच ओंडके पुरले. प्रत्येक नळाचे एक तोंड पेन्सिलीसारखे निमुळते करत आणि दुसरे तोंड शंकूच्या आकाराच्या हत्याराने आतून उघडत. एकाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या उघड्या तोंडात ठोकून बसवत, आणि ठोकताना तोंड फाटू नये म्हणून बाहेरून लोखंडी कडे घालत. भोकाचा व्यास झाडाच्या जाडीने ठरत असल्यामुळे जास्त पाणी हवे असेल तर रुंद नळ टाकण्याऐवजी शेजारी शेजारी अनेक नळ टाकावे लागत. आग लागली की बंबवाले रस्ता खणून नळाला आडवे भोक पाडत आणि काम झाले की लाकडी बूच ठोकत. इंग्रजीतल्या फायर प्लग या शब्दाचा जन्म तिथला.

त्यांना ओंडका उभा चिरणे परवडणारे नव्हते, कारण पाणी सांध्यातून गळले असते आणि पाण्यात टिकणारे विश्वासाचे गोंद त्यांच्याकडे नव्हते. आज ते आहेत, आणि म्हणून कोणी विचारले तर माझा पहिला सल्ला भोक न पाडण्याचाच असतो. खांब लांबीत करवतीने मधोमध चिरावा, दोन्ही अर्ध्यांत राउटरने, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राने, अर्धगोल खाच घ्यावी आणि दोन्ही अर्धे पुन्हा चिकटवावेत. भोक हवे तितके रुंद, हवे तितके लांब आणि अगदी रेघेत येते. करवतीच्या जाडीएवढे लाकूड जाते, पण तंतू जुळत असल्यामुळे सांधा शोधावा लागतो. फक्त तारेसाठी वाट हवी असेल तर त्याहूनही सोपे आहे: एका अंगाला खोल खाच घ्यायची आणि त्याच लाकडाच्या पट्टीने ती बुजवायची. यात कमीपणा काही नाही. आल्प्समधले लांबलचक शिंग, आल्पहॉर्न, पारंपरिक पद्धतीने असेच उभे चिरून, पोखरून आणि पुन्हा जोडून केले जाते. आरपार भोकच हवे, असे फिरणाऱ्या आणि झीज सोसणाऱ्या कामांत किंवा अखंड लाकडाचाच आग्रह असेल तिथे म्हणावे.

पोखरल्याने खांब किती कमजोर होतो, ही शंका रास्त आहे. गोल खांबाच्या निम्म्या व्यासाचे भोक बरोबर मध्यातून गेले, तर लाकूड पाव भाग कमी होते. वरून थेट येणारे वजन पेलण्याची ताकदही साधारण तितकीच घटते. वाकण्याला होणारा विरोध मात्र फक्त सोळाव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो, कारण वाकताना बाहेरचे लाकूडच बहुतेक भार घेते. भोक एका अंगाला सरकले की हा हिशेब बिघडतो आणि पातळ बाजू आधी फुटते.

पोखरण्याचा एक फायदाही आहे. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. या विसंगतीमुळेच गाभा असलेला खांब वाळला की त्याला सालीपासून गाभ्यापर्यंत भेग जाते. मध्य काढून टाकला की आतून आणि बाहेरून दोन्हीकडून वाळणे सुरू होते, भिंत पातळ असल्याने ओलाव्यातला फरक कमी राहतो आणि भेगा कमी होतात, अजिबात नाही होत असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गिरण्यांचे लाकडी खांब याच कारणाने मध्यातून पोखरत आणि हवा खेळावी म्हणून वर-खाली बारीक आडवी भोके ठेवत. वाद्ये करणारे आधी लहान भोक पाडून लाकूड महिनोन्महिने तसेच मुरू देतात, कारण पोखरल्यावर आतले ताण मोकळे होऊन ते थोडे वाकते. जे वाकायचे ते वाकून झाल्यावरच शेवटचे भोक काढतात. ओले लाकूड पोखरायला पुष्कळ सोपे जाते, पण पोखरल्यावर त्याची दोन्ही तोंडे मेणाने किंवा रंगाने लगेच बंद करावी लागतात, नाहीतर तोंडाकडचे पाणी आधी उडून तिथूनच चिरा पडू लागतात. नळ करणाऱ्यांनी याला स्वतःचे उत्तर काढले होते. भोक पाडून झालेले ओंडके ते जमिनीत पुरायची वेळ येईपर्यंत तळ्यात बुडवून ठेवत.